नळाच्या पाण्याचा दाब : नव्या न्हाणीघरात धार बारीक का होते?

१. एक नेहमीची तक्रार

जुने न्हाणीघर पाडून त्या जागी नवे बांधण्याचा प्रसंग आज पुष्कळ कुटुंबांत येतो. भिंतीवरून उघडे गेलेले जस्ती नळ काढून टाकले जातात. नवे नळ भिंतीत गाडून त्यांवर गुळगुळीत लाद्या बसवल्या जातात. बादली भरण्याच्या पितळी तोटीच्या जोडीला डोक्यावरून पाणी पाडणारा शॉवर येतो. काम पुरे झाल्यावर घरातील मंडळी मोठ्या अपेक्षेने जमतात, कोणी तरी शॉवरची मूठ फिरवतो, आणि पावसासारखे पाणी पडण्याऐवजी चार-दोन केविलवाण्या धारा खाली ओघळतात.

अशा वेळी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य येते : "पाण्याचा दाब गेला." मग सल्ल्यांना तोटा नसतो. प्लंबर पंप बसवण्यास सांगतो, गवंडी लाद्या फोडून मोठा नळ टाकू म्हणतो, शेजारी गच्चीवरील टाकी उंच करण्यास सुचवतात. तिन्ही सल्ले खर्चाचे आहेत. पण तिघांपैकी एकानेही काही मोजून पाहिलेले नसते.

वास्तविक गच्चीवरील टाकी होती तेथेच आहे आणि तिच्यातील पाण्याची पातळीही पूर्वीइतकीच आहे. मग दाब गेला कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या दोन साध्या नियमांत आहे. ते नियम समजले, तर एक बादली, एक घड्याळ आणि प्लॅस्टिकची एक पारदर्शक नळी एवढ्या साहित्यावर कोणत्याही गृहस्थास आपल्या घरातील दोष हुडकून काढता येतो. ह्या पुस्तिकेत तीच रीत सांगावयाची आहे.

२. उभ्या पाण्याचा नियम

पहिला नियम स्थिर पाण्याचा. एक चौरस सेंटिमीटर छेदाची आणि १० मीटर उंचीची एक नळी पाण्याने भरली आहे, अशी कल्पना करा. तिच्यात १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर पाणी मावेल आणि त्याचे वजन एक किलोग्रॅम भरेल. हे सारे वजन तळाच्या एक चौरस सेंटिमीटरवर पडते. म्हणून १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम असतो, असे आपण म्हणतो. उंची एक मीटर असेल, तर दाब त्याच्या एक दशांश.

ह्या नियमात टाकीच्या आकाराचा किंवा नळाच्या जाडीचा उल्लेख कोठेच नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाचशे लिटरची टाकी असो की पाच हजार लिटरची, नळ अर्धा इंची असो की दोन इंची, पाणी स्थिर असताना दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो. नेदरलंड्समधील गणिती सायमन स्टेव्हिन ह्याने १५८६ साली हे तत्त्व मांडले. पुढे फ्रान्समधील ब्लेझ पास्कल ह्याने त्याचा सविस्तर विचार केला, आणि त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला.

शहरांना पाणी पुरवणारे उंच जलकुंभ ह्याच तत्त्वावर उभारलेले असतात. कोलकात्यातील १९११ साली सुरू झालेली टाला येथील प्रचंड लोखंडी टाकी जमिनीपासून सुमारे ११० फूट, म्हणजे साडेतेहतीस मीटर उंच ठेवलेली आहे. इतक्या उंचीवरील पाण्याचा जमिनीजवळचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास येतो. आपल्या घरावरील टाकीची गोष्ट मात्र निराळी आहे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराला तिची उंची फारच थोडी लाभते.

एक उदाहरण घेऊ. वरच्या मजल्याच्या जमिनीपासून गच्ची ३.१५ मीटर उंच आहे. गच्चीवर एक मीटर उंचीचा चौथरा असून त्यावर टाकी ठेवली आहे, आणि टाकीत अर्धा मीटर पाणी आहे. म्हणजे पाण्याची पातळी न्हाणीघराच्या जमिनीपासून ४.६५ मीटरवर आली. बादली भरण्याची तोटी जमिनीपासून ०.६ मीटर उंच असते. तिला लाभणारी उंची ४.०५ मीटर. शॉवरचे तोंड २.१ मीटर उंच असते. त्याला लाभणारी उंची अवघी २.५५ मीटर.

येथेच अर्ध्या कोड्याचा उलगडा होतो. पूर्वी हे कुटुंब खालच्या तोटीने बादली भरून आंघोळ करीत असे. आता ते शॉवरखाली उभे राहते. नळात काडीचाही दोष नसताना केवळ पाणी बाहेर पडण्याची जागा वर गेल्याने दीड मीटर उंची गमावली गेली आहे. जुन्या तोटीची धार आणि नव्या शॉवरची धार ह्यांची तुलना करणे म्हणूनच न्यायाचे नाही. तुलना करावयाची, तर समान उंचीवरील तोट्यांची करावी.

३. वाहत्या पाण्याचा खर्च

दुसरा नियम वाहत्या पाण्याचा. पाणी स्थिर असते तोपर्यंत टाकीच्या उंचीने दिलेला सारा दाब तोटीपाशी शाबूत असतो. तोटी उघडली आणि पाणी वाहू लागले, की वाटेतील प्रत्येक अडथळा त्यातून आपला वाटा काढून घेतो. नळाच्या भिंतीशी होणारे घर्षण, प्रत्येक वळण, प्रत्येक झडप, प्रत्येक जाळी ह्यांना ओलांडताना काही उंची खर्ची पडते. शेवटी जे उरते तेवढ्यावरच धार पडते. टाकीची उंची ही जणू गृहस्थाची मासिक मिळकत, आणि नळ, वळणे व झडपा हे वाटेतील देणेकरी. मिळकत तीच राहून देणेकरी वाढले, तर हाती कमी उरणार हे उघड आहे.

हा खर्च दोन गोष्टींवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. पहिली गोष्ट प्रवाहाची. पाण्याचा प्रवाह दुप्पट केला, तर खर्च सुमारे चौपट होतो. दुसरी गोष्ट नळाच्या आतील व्यासाची. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास निम्मा केला, तर खर्च दुप्पट किंवा चौपट होऊन थांबत नाही, तो सुमारे ३२ पट होतो. कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पाऊण इंची नळाचा व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि अर्धा इंची नळाचा सुमारे १५ मिलिमीटर धरला, तर अर्धा इंची नळात तेवढाच प्रवाह नेण्यासाठी चौपटीहून अधिक उंची खर्चावी लागते. डोळ्यांना पाच मिलिमीटरांचा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु पाण्याला तो तसा वाटत नाही.

ह्या विषयाचा पाया घालणाऱ्यांत हेन्री दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याचे नाव आदराने घेतले जाते. दिजाँ ह्या आपल्या गावी त्याने १८४० साली दूरच्या झऱ्याचे पाणी आणून नळयोजना उभारली. नंतर निरनिराळ्या जाडीच्या नळांतून पाणी वाहवून त्याने कसोशीने मोजमापे घेतली आणि १८५७ साली ती प्रसिद्ध केली. नळ नवा आहे की जुना, आतून गुळगुळीत आहे की गंजून खडबडीत झाला आहे, ह्यावरही खर्च अवलंबून असतो हे त्याने दाखवून दिले. आपल्या घरांतील वीस-तीस वर्षांच्या जस्ती नळांस हे तंतोतंत लागू पडते. त्यांच्या आत गंजाच्या गाठी वाढतात, आणि बाहेरून अर्धा इंची दिसणारा नळ आतून बोरूएवढाच मोकळा उरतो.

४. नूतनीकरणात नेमके काय बदलते?

आता नव्या न्हाणीघरात देणेकरी कोठे कोठे वाढतात ते क्रमाने पाहू.

गाळ व कचरा. हे सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण होय. काम चालू असताना सिमेंटचे कण, वाळू, आटे पाडताना निघालेला लोखंडाचा कीस, सांध्याला गुंडाळलेल्या टेफ्लॉनच्या फितीचे तुकडे नळात शिरतात. शिवाय जुनी भिंत फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी घराच्या उरलेल्या जुन्या नळांतील गंजाचे पापुद्रे सुटतात. पाणी चालू केल्यावर हा सारा ऐवज वाहत जाऊन नव्या तोट्यांच्या बारीक जाळ्यांत अडकतो. जुन्या पितळी तोटीला जाळीच नव्हती, त्यामुळे कचरा बिनदिक्कत बाहेर पडत असे. नव्या तोटीच्या तोंडाशी फेसाळ धार पाडणारी जाळी असते, आणि ती दोन दिवसांतच बुजते.

अर्धवट उघडलेली झडप. कामासाठी बंद केलेली झडप पुन्हा पूर्ण उघडण्याचे पुष्कळदा राहून जाते. गच्चीवरील टाकीच्या तोंडाशी, जिन्यात, न्हाणीघराच्या दाराजवळ आणि बेसिनखाली अशा अनेक झडपा असतात. त्यांपैकी एक जरी अर्धवट राहिली, तरी परिणाम दिसतो.

झडपेची जात. सरळ पडदा वर उचलला जाणारा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला म्हणजे पाण्याची वाट जवळजवळ मोकळी होते. परंतु भिंतीत गाडलेला व वायसर वर-खाली होणारा स्टॉप कॉक पूर्ण उघडला, तरी त्याच्या पोटात पाण्याला दोन वेळा वळावे लागते. अर्धा इंची नळातून मिनिटाला १० लिटर पाणी वाहत असता असा एक कॉक सुमारे ४५ सेंटिमीटर उंची खातो. त्याच जागी गेट व्हॉल्व्ह जेमतेम एक सेंटिमीटर घेतो.

वळणे. जुना नळ भिंतीवरून सरळ जात असे. नवा नळ दारावरून, खिडकीखालून आणि कोपऱ्यांतून लपवून न्यावा लागतो. वरील प्रवाहाला अर्धा इंची नळातील प्रत्येक काटकोनी वळण सुमारे चार सेंटिमीटर उंची घेते. दहा वळणे म्हणजे ४० सेंटिमीटर झाले.

नळाची जाडी. अशा नळाच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे नऊ सेंटिमीटर खर्च येतो. पाऊण इंची नळाला तो दोन सेंटिमीटरांच्या थोडासा वर असतो.

वेणीची जोडनळी. बेसिनखाली किंवा गिझरला जोडलेली लवचीक नळी बाहेरून जाडजूड दिसते, पण तिच्या आतील वाट पुष्कळदा बोटाहूनही बारीक असते. ती पिळली गेली, तर आणखी आवळते.

शॉवर व मिश्रण-तोटी. आजकालच्या पुष्कळ शॉवरांची आणि गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या एकमुठी तोट्यांची रचना अधिक दाबाच्या पुरवठ्यासाठी केलेली असते. त्यांच्या आतील वाटा अरुंद असतात. पंपाचा पुरवठा असलेल्या इमारतीत त्या उत्तम चालतात, पण गच्चीवरच्या टाकीखाली त्याच तोट्या निरुपयोगी ठरतात.

अडकलेली हवा. दुरुस्तीसाठी रिकामा केलेला नळ पुन्हा भरताना, दारावरून चढून उतरणाऱ्या भागाच्या माथ्यावर हवेचा गोळा अडकून बसतो. दाब भरपूर असेल तर पाणी त्याला ढकलून देते. दोन-तीन मीटर उंचीच्या पाण्याला ते बळ नसते.

५. दोष पारखण्याची रीत

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. तद्वत पुढील चार पायऱ्या झाल्याशिवाय कोणताही खर्च करू नये.

पहिली पायरी निरीक्षणाची. घरातील सर्व तोट्या एकेक करून उघडून पाहाव्यात. एकाच तोटीला धार कमी असेल, तर दोष त्या तोटीत किंवा तिच्या जोडनळीत आहे. न्हाणीघरातील सर्व तोट्या मंद असून स्वयंपाकघरातील तोटी पूर्ववत असेल, तर दोष न्हाणीघराच्या शाखेत किंवा तिच्या झडपेत आहे. थंड पाणी ठीक असून गरम पाणीच मंद असेल, तर गिझरकडे जाणारी झडप, एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप किंवा गिझरमधील क्षार ह्यांकडे पाहावे. सारे घरच मंद झाले असेल, तर टाकीच्या तोंडापासून प्रारंभ करावा. धार अडखळत व बुडबुड्यांसह येत असेल, तर हवेचा संशय घ्यावा.

दुसरी पायरी बादलीची. मापाची १० लिटरची बादली घ्यावी, तोटी पूर्ण उघडावी आणि बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. ६०० ह्या संख्येला सेकंदांनी भागले, की मिनिटाला किती लिटर पाणी येते ते समजते. ६० सेकंद लागले तर प्रवाह १० लिटरचा, १०० सेकंद लागले तर सहा लिटरचा. प्रत्येक तोटीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. नंतर तोटीची जाळी किंवा शॉवरचे तोंड काढून तेच माप पुन्हा घ्यावे. जाळी काढल्यावर आकडा एकदम वाढला, तर चोर सापडला असे समजावे.

तिसरी पायरी झडपांची. टाकीपासून तोटीपर्यंत वाटेवर चालत जाऊन प्रत्येक झडप पूर्ण उघडी आहे ह्याची खात्री करून घ्यावी. जुन्या गेट व्हॉल्व्हचा चक्रदांडा फिरत असूनही आतील पडदा निखळून खालीच राहिलेला असू शकतो, म्हणून केवळ मूठ फिरली एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

चौथी पायरी पारदर्शक नळीची. ही पायरी विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. सात-आठ मीटर लांबीची पारदर्शक नळी थंड पाण्याच्या खालच्या तोटीला घट्ट बसवावी आणि तिचे दुसरे टोक खिडकीतून गच्चीपर्यंत उंच धरावे. घरातील बाकीच्या तोट्या बंद करून ही तोटी उघडावी. नळीतील पाणी चढत चढत टाकीतील पाण्याच्या पातळीशी येऊन थांबेल. टाकीचा दाब कोठेही गेलेला नाही, ह्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. नळीतील बुडबुडे मात्र आधी काढून टाकावेत. ते काढूनही पाणी टाकीच्या पातळीच्या बरेच खाली थांबले, तर वाटेतील एखादी झडप पूर्ण बंद आहे किंवा घरातील नळात हवा अडकली आहे, असे समजावे.

आता न्हाणीघरातील दुसरी तोटी पूर्ण उघडा. नळीतील पातळी खाली उतरेल. ती जितकी उतरली, तितकी उंची टाकीपासून त्या दोन तोट्यांची वाट वेगळी होते तेथपर्यंत खर्ची पडत आहे. पातळी पाच-दहा सेंटिमीटरच उतरली आणि तरीही तोटी मंदच वाहत असेल, तर भिंतीतील मुख्य नळ निर्दोष असून दोष त्याच्या पुढे, म्हणजे तोटीपाशी आहे. ती दीड-दोन मीटर उतरली, तर मात्र दोष नळात वा झडपेत आहे. लाद्या न फोडता भिंतीच्या आत डोकावण्याची ही युक्ती आहे. नळाला पंप जोडलेला असेल किंवा तो थेट नगरपालिकेच्या वाहिनीला जोडलेला असेल, तर हा प्रयोग करू नये. गरम पाण्याच्या तोटीवर तर तो कधीच करू नये.

६. हिशेब मांडून पाहू

वर घेतलेल्या उदाहरणातील शॉवरला २.५५ मीटर उंची लाभते, हे आपण पाहिले. समजा, नवा नळ अर्धा इंची व १० मीटर लांब आहे, त्यात दहा वळणे व एक स्टॉप कॉक आहे. मिनिटाला १० लिटर प्रवाह हवा असेल, तर नळाचे ९० सेंटिमीटर, वळणांचे ४० आणि कॉकचे ४५ मिळून १.७५ मीटर उंची वाटेतच जाईल. शॉवर व मिश्रण-तोटी मिळून त्याच प्रवाहाला पाच मीटर मागतात, असे धरू. एकूण मागणी ६.७५ मीटरांची आणि मिळकत २.५५ मीटरांची. अर्थात प्रवाह १० लिटरांचा राहूच शकत नाही. खर्च प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने, हा मेळ मिनिटाला सुमारे ६.२ लिटरांवर बसतो.

आता तिघा सल्लागारांचे उपाय ह्या हिशेबावर घासून पाहू. गवंड्याचे ऐकून लाद्या फोडल्या, पाऊण इंची नळ टाकला आणि वळणे कमी करून गेट व्हॉल्व्ह बसवला, तर वाटेचा खर्च १.७५ मीटरांवरून सुमारे ०.३ मीटरांवर येतो. पण प्रवाह वाढून होतो केवळ ६.९ लिटर. शेजाऱ्यांचे ऐकून टाकी एक मीटर उंच केली, तर तो ७.३ लिटर होतो. ह्याउलट भिंतीला हात न लावता, १० लिटर प्रवाहाला एक मीटरच उंची मागणारी मोकळ्या वाटांची तोटी व शॉवर बसवला, तर प्रवाह ९.६ लिटरांवर जातो.

ह्यावरून एक महत्त्वाचा सिद्धांत हाती येतो. एकामागून एक असलेल्या अडथळ्यांत जो सर्वांत मोठा असेल, त्याचाच बंदोबस्त आधी केला पाहिजे. तो तसाच ठेवून लहान अडथळे दूर करण्यात कितीही पैसा ओतला, तरी फळ थोडेच मिळते. मोठा अडथळा दूर झाल्यावर मग लहानांना महत्त्व येते. वरील घरात शॉवर बदलल्यानंतर नळही मोठा केला, तर प्रवाह १४ लिटरांपर्यंत जाईल. प्रत्येक घरी आकडे निराळे येतील, परंतु रीत हीच राहील. पंपाच्या सल्ल्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

७. उपाय, स्वस्ताकडून महागाकडे

प्रथम जाळ्या साफ कराव्यात. तोटीच्या तोंडाची जाळी, शॉवरचे तोंड आणि जोडनळ्यांच्या टोकांची गाळणी काढून उलट्या बाजूने पाणी मारावे. त्या काढलेल्या असतानाच तोटी काही मिनिटे पूर्ण उघडी ठेवावी, म्हणजे नळातील कचरा बाहेर जाईल. पांढरे क्षार चिकटले असल्यास जाळी काही तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावी. जड पाणी तापले म्हणजे त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट बनते, आणि आम्लात ते पुन्हा विरघळते. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत ही सफाई दर काही महिन्यांनी करावी लागते.

हवा अडकली असल्यास टाकी पूर्ण भरून घ्यावी, सर्व तोट्या एकाच वेळी उघडाव्यात आणि नंतर खालच्या तोटीपासून वरच्या तोटीकडे एकेक बंद करीत जावे. एवढ्याने न भागल्यास टाकीतून निघणाऱ्या नळाला टाकीच्याही वर जाणारी, उघड्या तोंडाची हवानळी जोडून घ्यावी.

ह्यानंतर भिंतीबाहेरचे भाग बदलावेत, म्हणजे अरुंद जोडनळ्या, अयोग्य झडपा व शॉवर. नवा शॉवर घेताना त्यास किमान किती दाब लागतो हे दुकानदारास अवश्य विचारावे. आपल्या घरी किती मीटर उंची आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. तिला दहाने भागले, की दर चौरस सेंटिमीटरला किती किलोग्रॅम दाब आहे ते समजते.

नळ बदलण्याची वेळ आलीच, तर मुख्य नळ शेवटच्या फाट्यापर्यंत रुंद न्यावा आणि त्यातून आखूड शाखा काढाव्यात. एकाच अरुंद नळावर ओळीने तोट्या लावल्या, तर पहिली उघडताच शेवटची मंदावते. ह्या अडचणीची जाण आपल्या पूर्वजांना होती. आग्र्याच्या ताजमहालाच्या बागेतील कारंजी पाण्याच्या नळाला थेट जोडलेली नव्हती. प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे एक भांडे असे. पाणी प्रथम त्या भांड्यांत भरे, आणि मग सर्व कारंजी एकदम व सारखी उडत. प्रवाहाच्या वाटेवर जागा मोकळी ठेवली, म्हणजे पहिल्या व शेवटच्या कारंज्यांत फरक पडत नाही, हेच तत्त्व त्यात आहे.

टाकी उंच करण्याचा विचार जपून करावा. एक मीटर उंचीने दाब एक दशांश किलोग्रॅमच वाढतो. शिवाय एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन असते. असा भार उंच चौथऱ्यावर चढवण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

८. पंपाविषयी दोन शब्द

वरील उपायांनी भागले नाही, तर पंप बसवण्यास हरकत नाही. परंतु तो टाकीच्या पुढे, म्हणजे टाकीतील पाणी तोट्यांकडे ढकलण्यासाठी बसवावा. टाकी रिकामी झाली असता तो आपोआप बंद होईल अशी सोय असावी. गिझर व जुने सांधे तो दाब सोसतील की नाही, हेही आधी पाहावे. गिझरची सुरक्षा-झडप कोणत्याही कारणाने बुजवू नये.

नगरपालिकेच्या वाहिनीला थेट पंप जोडून पाणी ओढणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. अनेक शहरांत तीस बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. वाहिनीतील दाब हा केवळ पाणी वर चढवण्यासाठी नसतो, तो तिचे रक्षणही करतो. आत दाब असेपर्यंत फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. पंपाने पाणी ओढले, की वाहिनीत चोष निर्माण होतो आणि जवळच्या गटाराचे पाणी त्याच सांध्यातून आत शिरू शकते. ते पाणी शेजाऱ्याच्या पोटात जाते, कदाचित आपल्याही. कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग असेच पसरतात. आपल्या शॉवरची धार मोठी करण्यासाठी आळीतील मुलांचे आरोग्य धोक्यात घालण्याचा अधिकार कोणासही नाही.

९. लाद्या बसवण्यापूर्वी

ज्यांचे काम अद्याप व्हावयाचे आहे, त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात. जुने न्हाणीघर पाडण्यापूर्वी प्रत्येक तोटीचे बादली-माप घेऊन ठेवावे. नवे नळ टाकल्यावर, भिंत बुजवण्यापूर्वी, ते दाबाखाली ठेवून गळती पाहावी. मग प्रत्येक तोंडातून पाणी वाहू देऊन पुन्हा माप घ्यावे. नळ कोठून गेले आहेत त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. काम चालू असता नळांची उघडी तोंडे बुचांनी बंद ठेवावीत. एका दुपारचे हे काम आहे. ते टाळले, तर पुढे नव्या लाद्यांवर छिन्नी चालवण्याची पाळी येते.

सारांश, टाकीने दिलेला दाब नाहीसा होत नाही, तो वाटेत खर्च होतो. कोठे खर्च होतो ते मोजून काढावे, सर्वांत मोठा खर्च आधी कमी करावा, आणि मगच पुढचा विचार करावा.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा शाळेतील टाकीच्या पाण्याची पातळी आणि तीन निरनिराळ्या तोट्यांची उंची मोजा. प्रत्येक तोटीपाशी स्थिर पाण्याचा दाब किती, ते काढा.

२. त्याच तोट्यांचे बादली-माप घ्या. ज्या तोटीला अधिक उंची लाभते तिचाच प्रवाह अधिक आहे काय? नसल्यास कारण शोधा.

३. एका नळातून मिनिटाला आठ लिटर पाणी वाहत असता ५० सेंटिमीटर उंची खर्च होते. प्रवाह १६ लिटर केल्यास सुमारे किती उंची खर्च होईल?

४. एक हजार लिटरची टाकी काढून त्याच चौथऱ्यावर दोन हजार लिटरची टाकी ठेवली, परंतु पाण्याची पातळी पूर्वीइतकीच राहिली. तोटीचा दाब वाढेल काय? कारणे द्या.

५. तळाशी सारख्याच आकाराची भोके असलेले दोन डबे घ्या. एका भोकावर बारीक जाळी बांधा. दोन्ही डब्यांत समान उंचीपर्यंत पाणी भरून ते रिकामे होण्यास लागणारा वेळ मोजा, आणि निष्कर्ष लिहा.